रेस दिली की चढणारी कुईं

नमस्कार काका,

मी नागपूरला मानेवाड्यात राहते, शाळेत शिकवते. गाडी ११ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. दिवाळीत जुना टेप काढून मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवला. सोबत मागचा कॅमेरा, डिक्कीत चार चॅनलचा ॲम्प आणि बेस ट्यूब. गाडी बंद असताना आवाज झकास येतो. इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून बारीक कुईं येते. रेस दिली की ती चढते, पाय काढला की उतरते. आवाज शून्यावर नेला तरी जात नाही आणि हेडलाइट लावले की वाढते. ज्यांनी बसवलं त्यांच्याकडे तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा म्हणाले, "मॅडम, बाहेरचा टेप लावला की एवढं तर येतेच." दुसऱ्यांदा, "फिल्टर लावून घ्या, बाराशे लागतीन." आता म्हणतात स्पीकरच बदला. दर महिन्याला मी आईला शेगावला नेते. वाटेत ती भजनं ऐकते, आणि दोन ओळींच्या मध्ये टाळ थांबला की कुईं तेवढी ऐकू येते. परवा कोंढाळी यायच्या आतच म्हणाली, "बंद करून टाक बाप्पा, डोकं दुखून राह्यलं." फिल्टर लावू की स्पीकर बदलू?

— एक वाचक, मानेवाडा

ताई,

दोन्ही नको. स्पीकरला तर हातही लावू नका. गाडी बंद असताना ते झकास वाजतात हे तुम्हीच लिहिलंय. स्पीकरला इंजिन चालू आहे की बंद हे कुठून कळणार? त्याच्याकडे जे येतं ते तो वाजवतो. आणि "एवढं तर येतेच" हे तर मुळीच मान्य करू नका. नीट बसवलेल्या सिस्टीममध्ये इंजिन चालू असताना, आवाज शून्यावर ठेवून, कान जाळीला लावला तर जेमतेम सूं ऐकू यावी. सीटवर बसल्यावर तीही नाही. मी वीसेक वर्षं गाड्यांचं वायरिंग केलंय. त्यात अशा कुईंवर इलाज सापडला नाही, अशी गाडी मला आठवत नाही.

तुमचं पत्र वाचताना मला बरं वाटलं, कारण अर्धं निदान तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय. रेसबरोबर चढ-उतार होतो, म्हणजे आवाजाचा उगम अल्टरनेटर आहे. बोनेटखाली पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा तो. त्याच्या आत आधी एसी वीज तयार होते आणि सहा डायोड तिला डीसी करतात. पण ती डीसी बॅटरीच्या विजेसारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. इंजिन ८०० आरपीएमवर शांत उभं असताना अल्टरनेटर साधारण २००० आरपीएमने फिरतो, आणि नेहमीच्या बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरमधून तेव्हा सेकंदाला सुमारे १२०० लाटा निघतात. इंजिन २४०० वर नेलं की त्या ३६०० होतात. माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात, दोन ते पाच हजारांच्या आसपास, सर्वात तिखट असतो. म्हणून आवाज बारीक असूनही आईंचं डोकं दुखतं. त्या उगाच म्हणत नाहीत.

आवाज शून्यावर नेला तरी कुईं जात नाही, ही तर फार मोलाची खूण. शून्यावर नेल्यावर ती गेली असती तर आवाजाच्या बटणाच्या आधी, म्हणजे रेडिओत, मोबाइलमध्ये किंवा चार्जरमध्ये शोधावं लागलं असतं. जात नाही, म्हणजे कुईं बटणाच्या पुढे आत शिरते. स्टिरिओचं मागचं तोंड, तिथून डिक्कीपर्यंत गाणं नेणारी आरसीए वायर आणि ते गाणं मोठं करून स्पीकरला देणारा ॲम्प, बस एवढ्याच टापूत. हेडलाइट लावल्यावर अल्टरनेटरवर बोजा पडतो, पत्र्यातून जास्त करंट वाहतो आणि कुईं वाढते. या सगळ्यावरून माझं बोट अर्थिंगकडे जातं.

ते असं का, हे सांगतो, म्हणजे दुकानात कोणी काही सांगितलं तरी तुम्हाला पारखता येईल. गाडीत प्रत्येक दिव्याला, मोटरीला बॅटरीकडून एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. वायर त्या पत्र्याला जोडणं म्हणजेच अर्थ करणं, अर्थिंग. पण पत्रा लांबरुंद, जागोजाग जोड, त्यावर रंग. नळाच्या एकाच लाइनवर पहिल्या घरात जसा जोर असतो तसा शेवटच्या घरात नसतो, तसंच डॅशबोर्डमागचा अर्थ आणि डिक्कीतला अर्थ अगदी सारखे नसतात. तुमचा स्टिरिओ पुढे अर्थ झालाय, ॲम्प मागे. आणि दोघांना जोडणारी तिसरी वाट आहे आरसीए वायरची बाहेरची जाळी. पत्रा आणि ही जाळी मिळून एक बंद कडं तयार होतं. मग पत्र्यातला थोडा करंट या जाळीतून वाहायला लागतो, अल्टरनेटरच्या लाटा घेऊन. ॲम्पला बिचाऱ्याला तेही गाणंच वाटतं.

आकडे पाहा. ॲम्प २० अँपिअर ओढत असेल आणि डिक्कीतल्या अर्थच्या जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असेल, तरी तिथे ०.२ व्होल्टचा फरक पडतो. स्टिरिओकडून येणारं गाणं पूर्ण जोरात असताना २ ते ४ व्होल्टचं असतं, पण भजनातल्या शांत जागी ते काही मिलिव्होल्टवर येतं. त्या फरकातला अगदी लहानसा वाटा जाळीत शिरला तरी टाळ थांबल्यावर तोच ऐकू येणार.

आता शोध. खालच्या सुरुवातीच्या गोष्टी एका रविवारी सकाळी घरी होतील, बहुतेकींना हत्यारही लागत नाही. गाडी उघड्यावर उभी करा, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. एक नियम मात्र दर वेळी पाळा: आरसीए पिन काढताना किंवा लावताना स्टिरिओ आणि ॲम्प दोन्ही बंद असले पाहिजेत. चालू असताना पिन ओढली तर बाहेरची कडी आधी सुटते आणि मधली सुई अजून टेकलेली असते. मग स्पीकरमध्ये असा धाडकन आवाज होतो की कोन फाटू शकतो, आणि स्टिरिओच्या आत आरसीएच्या अर्थची जी नाजूक पट्टी किंवा बारीकसा फ्यूज असतो तो जळू शकतो. तो जळला की कुईं आणखी वाढते. तीन खेपांमध्ये दुकानात हेच झालं नसेल ना, ही शंका मला आहे. म्हणून तीही तपासू.

आधी फुकटातलं. चार्जिंगच्या सॉकेटमधून चार्जर, डॅशकॅम, जे काही असेल ते काढा आणि ऐका. मग स्टिरिओ बंद करून डिक्कीतल्या ॲम्पमधून आरसीएच्या सगळ्या पिना काढा. कुठली कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आता स्टिरिओ चालू करा, म्हणजे निळ्या-पांढऱ्या वायरमधून ॲम्पही जागा होईल, आणि इंजिन सुरू करा. कुईं गेली तर ॲम्प आणि स्पीकरच्या वायरी बहुधा ठीक आहेत, आवाज आरसीएमधून येतोय. पिना काढूनही कुईं राहिली तर ॲम्पचा स्वतःचा अर्थ किंवा पॉवर वायर बिघडली आहे, आणि मग पुढचे प्रयोग सोडून थेट अर्थिंगकडे वळा.

गेली असेल तर पुढचा प्रयोग माझ्या सगळ्यात आवडीचा. एका बाजूला मोबाइलची ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन आरसीए, अशी साधी वायर बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत मिळेल. तुमच्या मोबाइलला ते भोक नसेल तर घरातला कुठलाही जुना मोबाइल चालेल. मोबाइल चार्जरला न लावता थेट ॲम्पला जोडा, आईंचं भजन हळू आवाजात लावा आणि रेस द्या. त्या मोबाइलचा गाडीच्या पत्र्याशी काहीच संबंध नाही, त्यामुळे कडं तुटतं. स्वच्छ ऐकू आलं तर ॲम्प आणि स्पीकर निर्दोष, याचा पुरावा तुमच्या हातात आला. स्पीकर बदलायला सांगणाऱ्याला हेच दाखवा.

राहिली पुढची बाजू. यासाठी स्टिरिओ पुढे ओढावा लागतो, म्हणून वायरमनकडून करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा. आरसीए जागेवर लावलेल्या, इंजिन चालू, कुईं येतेय. वायरचा एक बिताएवढा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकं सोलायची. एक टोक स्टिरिओच्या धातूच्या डब्याला टेकवायचं, दुसरं आरसीए पिनेच्या बाहेरच्या कडीला. बाहेरच्याच, मधल्या सुईला नाही. टेकवताक्षणी कुईं गप्प झाली तर स्टिरिओच्या आतला तो अर्थ जळलाय. मग स्टिरिओ बसवणाऱ्यानेच तो दुरुस्त करून द्यायला हवा. फरक पडला नाही तर सगळं बंद करून मागच्या कॅमेऱ्याची पिवळी पिन काढा आणि पुन्हा ऐका. कॅमेऱ्याला वीज रिव्हर्स लाइटजवळून घेतलेली असते आणि त्याचा अर्थ तिथेच मागे केलेला असतो, म्हणजे स्टिरिओला मागच्या पत्र्याशी जोडणारी आणखी एक वाट. हल्ली स्क्रीनवाले स्टिरिओ आल्यापासून हा चोर मी बऱ्याच गाड्यांत पकडलाय, आणि बसवणाऱ्यांचं लक्ष तिकडे जातच नाही. कॅमेराच निघाला, तर त्याचा अर्थ मागे न करता वेगळ्या वायरने स्टिरिओच्या अर्थपर्यंत आणायचा. तसंच अँटेनाची जाड पिन ओढून पाहा. अँटेनाचा पायाही छताला अर्थ असतो.

यातलं काही निघालं नाही, किंवा पिना काढूनही कुईं राहिली होती, तर बाजी अर्थिंगवरच येते. आणि खरं सांगायचं तर बाकी काही निघालं तरी अर्थिंग एकदा उघडून पाहाच.

मागे एक गाडी माझ्याकडे आली होती, अशीच कुईं, दोन दुकानं फिरून आलेली. डिक्कीतला गालिचा उचलला तर ॲम्पची काळी वायर प्लास्टिकच्या पॅनलच्या बोल्टाखाली दाबलेली. बोल्ट घट्ट होता, हलत नव्हता, वरून पाहिलं तर काहीच चूक नाही. पान्याने उघडला आणि थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, उचलली, तर तिच्याखाली गाडीचा रंग जसाच्या तसा, चकचकीत, त्यावर थिंबलची गोल खूण उमटलेली. धातू धातूला टेकलाच नव्हता. सगळा करंट बोल्टाच्या आट्यांमधून जेवढा जाईल तेवढा जात होता, आणि आट्यांवर लालसर गंज चढू लागला होता. मी रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने घासली, पांढरा पत्रा दिसेपर्यंत, दातेरी वॉशर घातला, नवी थिंबल नीट दाबून बसवली, बोल्ट आवळला. इंजिन सुरू केलं. गाडीवाले माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, कारण काहीच ऐकू येत नव्हतं.

तुमच्या गाडीतही हेच करून घ्या. अर्थची वायर शक्य तेवढी आखूड, हातभराच्या आतच, आणि पॉवरच्या वायरएवढीच जाड. घासलेल्या जागेवर आवळून झाल्यावर, आधी नाही, वरून ग्रीस किंवा रंगाचा हात, नाहीतर पावसाळ्यानंतर तिथे गंज आलाच. सीट बेल्टचा बोल्ट मोठा आणि सोयीचा दिसतो म्हणून बरेच जण तिथे अर्थ करतात. तिथे करू देऊ नका. अपघातात जीव त्या बोल्टावर असतो, त्याखाली काहीही घुसवायचं नसतं. गाडी अकरा वर्षांची आहे, तेव्हा बोनेटखालीही नजर टाका. बॅटरीच्या मायनसपासून पत्र्याला आणि इंजिनला जाणाऱ्या पट्ट्या काळ्या-हिरव्या पडल्या असतील तर साफ करून घ्या. ते जोड कच्चे असतील तर मागे कितीही घासा, उपयोग नाही.

तपासायला मल्टिमीटर लावणार असतील तर ओहमवर लावू देऊ नका. त्याच्या वायरींचाच विरोध आपल्या जोडापेक्षा जास्त भरतो, त्यातून काहीच कळत नाही. डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक ॲम्पच्या अर्थ टर्मिनलला, दुसरं लांब वायरने थेट बॅटरीच्या मायनसला. इंजिन चालू, गाणं मोठ्याने. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर जोड चांगला. त्याच बैठकीत बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट येतात का तेही पाहून घ्या. बॅटरीचा लाल दिवा मंद जळत असेल किंवा हेडलाइट थरथरत असतील तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो. तेव्हा चांगला मीटर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीवरच्या लाटा एसी व्होल्टवर मोजून घ्या. अर्ध्या व्होल्टच्या वर लाटा आल्या तर अल्टरनेटर उघडावा लागेल. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची सर्वात लहान पट्टी २०० व्होल्टची असते, त्यावर हे मोजता येत नाही. आणि अल्टरनेटर तपासतो म्हणून कोणी इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायला निघाला तर त्याचा हात धरा. त्या झटक्यात स्टिरिओच काय, इंजिनचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो.

वायरींचा मार्गही पाहा. बॅटरीकडून ॲम्पला जाणारी जाड लाल वायर आणि आरसीए एकाच बाजूने, एकाच पट्टीखालून, टेपने एकत्र गुंडाळून नेल्या असतील तर वेगळ्या करून घ्या. एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि कुठे ओलांडायच्याच असतील तर फुलीसारख्या काटकोनात. जोड नुसते पिळून काळी टेप गुंडाळलेले असतील तर तेही बदला. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या आत काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. त्या टेपचा गोंद पाघळून हाताला चिकटतो, गुंडाळी सरकते, जोड उघडा पडतो. सोल्डर करून वर आकसणारी नळी, किंवा पक्कडीने दाबलेला चांगला क्रिम्प. सीटखालून वायर नेताना पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना कोणी हात लावायचा नाही.

आणि एक गोष्ट कुईंशी संबंधित नाही, पण ती पाहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. त्या जाड लाल वायरवर, बॅटरीपासून हातभराच्या आत, फ्यूज आहे का? बोनेट उघडून आजच बघा. नसेल आणि वायर कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरीचा सगळा करंट तिथे वाहून आग लागते. फ्यूज बसेपर्यंत ती वायर बॅटरीवरून सोडवून ठेवा. आधी मायनस काढायचा, मग ती वायर. भजनं चार दिवस मोबाइलवर ऐकता येतील.

फिल्टरबद्दल विचारलंत. पॉवर वायरवर बसणारा फिल्टर वायरीतून येणाऱ्या लाटा अडवतो. अर्थिंगच्या कड्यातून येणाऱ्या कुईंवर तो काहीच करत नाही, बाराशे वाया. आरसीएवर बसणारा आयसोलेटर मिळतो, त्यात लहान ट्रान्सफॉर्मर असतात. ते कडं तोडतात हे खरं, पण स्वस्तातले बेस खातात, तुमची बेस ट्यूब रडवी वाजेल. अर्थ, कॅमेरा, अँटेना, वायरी सगळं नीट करूनही थोडी कुईं उरलीच तर शेवटी चांगला आयसोलेटर लावा. कोणी ॲम्पचा अर्थ सोडवून ठेवतो, कुईं जाईल, असं म्हणाला तर मात्र गाडी तिथून काढा. मग ॲम्पचा परतीचा करंट आरसीएच्या केसाएवढ्या जाळीतून जायला बघतो आणि स्टिरिओ जळतो.

ॲम्पवरचा गेनचा स्क्रूही पाहा, तो पूर्ण उजवीकडे फिरवलेला असायची शक्यता दाट आहे. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, येणारं गाणं ॲम्पने किती वाढवायचं ते तो ठरवतो. स्टिरिओ पाऊणपर्यंत वाढवून, गेन शून्यापासून हळूहळू चढवत, आवाज पुरेसा झाला की तिथेच थांबवायचा. उरलीसुरली सूंही त्याने खाली बसते.

ज्यांच्या गाडीत ॲम्प नाही आणि चार्जरला लावलेला मोबाइल ऑक्स वायरने वाजवताना कुईं येते, त्यांनी ब्लूटूथवर ऐकावं. कडं तिथेच तुटतं.

दुकानात परत जाल तेव्हा "आवाज येतोय" एवढंच सांगू नका. आवाज शून्यावर असताना कुईं येते, आरसीए काढल्यावर ती जाते की राहते, मोबाइल थेट लावल्यावर काय झालं, हे कागदावर लिहून न्या आणि अर्थचा जोड माझ्यासमोर उघडा म्हणा. ११ वर्षांच्या गाडीत पाच वायरींचं काम केलेल्या माणसाने हे विनामूल्य करून द्यायला हवं.

काम झालं की पैसे देण्याआधी, जमल्यास संध्याकाळी, गाडी उभी करून हेडलाइट, एसी, वायपर, मागची काच गरम करणारं बटण असेल तर तेही, सगळं एकदम चालू करा. आवाज शून्यावर. रेस २५०० पर्यंत न्या, तिथे धरा, हळूच सोडा. मग आईंचं भजन लावून, टाळ जिथे थांबतो ती जागा ऐका. आईंना सोबत नेलंत तर उत्तम, त्या कुईंला त्यांच्याइतकं कोणी ओळखत नाही.